जावक क्रमांक

चोपड्याच्या आमच्या उपविभागात
मे महिन्यात एकच कूलर चालतो.
त्याचं तोंड कुणाकडे आहे हे ज्याला कळलं
त्याला ऑफिस कळलं.

मार्चपर्यंत वारा थोडा रमिला पावरा मॅडमकडेही जायचा.
मग चारी क्रमांक सातचं बिल आलं,
मोजमाप पुस्तकात तीनशे मीटर.
मॅडम टेप घेऊन स्वतः चारीवर गेल्या,
दुपारच्या उन्हात,
सुपडू शिपायाला दुसरं टोक धरायला लावलं
आणि लिहून आल्या : प्रत्यक्षात एकशे दहा.
निळी शाई. खाली सही. सहीखाली तारीख.

नेरकर साहेब ओरडले नाहीत.
साहेब कधीच ओरडत नाहीत.
ते फक्त म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'ला जावक क्रमांक नव्हता,
तरी संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक टेबलावर पोचलं.

दुसऱ्या दिवशी चहाचे कप सात. आम्ही आठ.
आठवडाभरात त्यांची खुर्ची अभिलेख कक्षात,
जुन्या पाटनकाशांच्या वाळवीशेजारी.
'पाटबंधारे परिवार' नावाचा ग्रुप आहे आमचा,
एका रात्रीत त्या परिवारात नव्हत्या.
जेवणाच्या सुट्टीत वाणी भाऊसाहेब म्हणाले,
"मॅडम, तुमच्याकडची मोहाची आणा की एकदा,
साहेबांचं डोकं शांत होईल."
सगळे शेवभाजीवर वाकून हसले.
मीही हसलो.
अर्धाच हसलो,
पण अर्ध्या हसण्याची वेगळी नोंद होत नाही.

नोटीस मी टाइप केली.
'आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले असून'
इथे उद्धटमधलं जोडाक्षर बरोबर आहे का
म्हणून मी बराच वेळ थांबलो.
बाकी कुठे थांबलो नाही.

खुलासा त्यांनी चोवीस तासांत आणला.
तो आवक करायचा नाही, अशी तोंडी सूचना होती.
तोंडी सूचना म्हणजे
आमच्या खात्यातला सगळ्यात भक्कम कागद.
"पोच द्या, बोरसे भाऊ."
मी शिक्का शोधायला लागलो.
शिक्का माझ्या हाताखालीच होता.
"उद्या या," मी म्हणालो,
भिंतीपलीकडे बसणाऱ्या बाईला.
कागद माझ्याकडे ठेवून त्या गेल्या.

जूनमध्ये बदलीचा आदेश : धडगाव.
त्याला मात्र क्रमांक मी लगेच दिला.

आमच्याकडे धडगाव हे गाव नाही, धमकी आहे.
'धडगावला टाकीन' एवढं ऐकलं
की पोरं टेप गुंडाळून ठेवतात.
सगळे आपापल्या टेबलावरून बघत होते,
आता बाई रडेल.
मॅडमनी आदेश वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली.
मग माझ्याकडेच बघत म्हणाल्या,
"माझी आई तिथे राहते, भाऊ.
तुमच्या शिक्षांच्या यादीत माझं घर आहे
हे मला माहीत नव्हतं."

कुणी काही बोललं नाही. कूलर गळत होता.
साहेबांच्या केबिनमधून बेल वाजली, दोनदा,
आणि सुपडू पहिल्यांदाच लगेच उठला नाही.

पाच वाजता तो माझ्या टेबलाशी आला,
पाण्याचा जग उगाच पुसत.
"टेपनं दुसरं टोक मीच धरेल व्हतं, भाऊ.
एकशे दहाच व्हतं.
माले कोणीच इचारं नही."

मीही विचारलं नव्हतं.
आता विचारून काय, असं मनात म्हणत
मी ड्रॉवरला कुलूप लावलं.
खुलासा आतच होता.

आवक रजिस्टरमध्ये एप्रिलच्या त्या तारखेला
दोन नोंदींच्या मधे एक ओळ मी तेव्हा सोडली होती.
अशा ओळी आम्ही सोडतोच, पुढेमागे लागतात म्हणून.

ती अजून कोरी आहे.
रोज पान उलटताना
अंगठा नेमका तिथेच पडतो.